विश्लेषण : प्रवासात भेटणारी ‘क्राफ्ट’ बिअर खरेच स्थानिक असते का?

जोडून सुट्ट्या आल्या की पुण्या-मुंबईच्या गाड्या गोवा आणि बंगळूरुच्या दिशेने धावू लागतात. काय पाहायचे, कुठे मासे खायचे या यादीत अलीकडे ‘तिथली बिअर’ हाही मुद्दा असतो. शहरात पोहोचल्यावर मोबाइलवर शोध घेतला की डझनभर मायक्रोब्रुअरींची नावे समोर येतात. प्रत्येकीच्या मेन्यूवर ‘लोकल’ आणि ‘क्राफ्ट’ हे दोन शब्द असतातच. पण त्या ग्लासातला माल्ट जर्मनीचा, हॉप्स अमेरिकेतले, यीस्ट पाकिटातले आणि पाणी आरओचे असू शकते. मग त्यात स्थानिक काय उरते? आणि जे पेय खरोखर त्या मुलखातले आहे, ते मेन्यूत का दिसत नाही? प्रश्न केवळ चवीचा नाही. त्यामागे राज्यांचे कायदे, छोट्या उत्पादकांचे पोट आणि आदिवासी बाजारात हंडा घेऊन बसणाऱ्या बाईचा हक्कही आहे.

‘क्राफ्ट’ बिअर म्हणजे नेमके काय?

बिअर चार गोष्टींपासून बनते. मोड आणून वाळवलेले सातू म्हणजे माल्ट, कडवटपणा आणि सुगंध देणारी हॉप्स या वेलीची फुले, साखरेचे अल्कोहोल करणारे यीस्ट आणि पाणी. जर्मनीतील बव्हेरियात १५१६ मध्ये काढलेल्या प्रसिद्ध फर्मानात सातू, हॉप्स आणि पाणी एवढ्याच गोष्टींना परवानगी होती. यीस्टचे कार्य तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

क्राफ्ट बिअरमध्येही याच चार गोष्टी असतात. फरक असतो तो आकाराचा आणि मालकीचा. अमेरिकेतील बिअर उत्पादकांच्या संघटनेने यासाठी व्याख्या केली आहे. वर्षाला ६० लाख बॅरल किंवा त्याहून कमी उत्पादन आणि मोठ्या मद्य कंपनीची मालकी २५ टक्क्यांपेक्षा कमी, असे तिचे दोन मुख्य निकष. मोठ्या कंपन्या छोटे ब्रँड विकत घेऊन जुन्याच नावाने विकू लागल्यावर या संघटनेने २०१७ मध्ये स्वतंत्र उत्पादकांसाठी उलट्या बाटलीचे चिन्ह आणले. म्हणजे या चळवळीचे घर मानल्या जाणाऱ्या देशातही ‘क्राफ्ट’ हा शब्द एकटा पुरेना.

आपल्याकडे हा शब्द त्याहून सैल वापरला जातो. पबमध्ये बनणारी बिअर, कारखान्यात बनून कॅनमध्ये भरलेली बिअर आणि परदेशातून आलेली महाग बाटली या तिन्हींना तो चिकटवला जातो. ‘क्राफ्ट’ ही चवीची हमी नाही आणि स्थानिकतेची तर नाहीच. ‘बिरा ९१’ हा भारतीय ब्रँड २०१५ मध्ये बाजारात आला तेव्हा ती बिअर बेल्जियममध्ये बनत होती. त्यात लपवाछपवी काही नव्हती, पण नाव इथले आणि टाकी तिथली असे होऊ शकते, याचे ते सहज लक्षात राहणारे उदाहरण आहे.

बिअर गावागणिक वेगळी का होती?

याचे मुख्य कारण पाणी. इंग्लंडमधील बर्टन या गावच्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचे प्रमाण जास्त. त्या पाण्यात हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ उतरतो. म्हणून फिकट रंगाची, कडवट बिअर तिथे नावारूपाला आली. चेक प्रदेशातील पिल्झेनचे पाणी अगदी मृदू. तिथे १८४२ मध्ये बव्हेरियाहून आलेल्या योसेफ ग्रोल याने सोनेरी रंगाची लागर बनवली आणि ‘पिल्सनर’ हे नाव जगभर गेले. डब्लिनच्या अल्कधर्मी पाण्याला भाजलेल्या माल्टची काळी बिअर मानवली.

हे कोणी ठरवून केले नव्हते. जवळ जे पाणी, जे धान्य आणि जशी हवा, तशी बिअर बनत गेली. ‘इंडिया पेल एल’ ऊर्फ आयपीएची गोष्टही अशीच बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकात बर्टन आणि लंडनमधून ही बिअर कोलकात्याकडे जहाजाने पाठवली जाई. तिच्या नावात इंडिया आहे, पण ती इथे बनत नव्हती. आपण फक्त तिचे गिऱ्हाईक होतो.

आज आरओ यंत्राने पाणी कोरे करून त्यात हवे ते क्षार मिसळता येतात. टाकीचे तापमान बटणावर ठरते. माल्ट आणि हॉप्स जगात कुठूनही मागवता येतात. त्यामुळे पिल्सनर पुण्यात आणि डब्लिनची स्टाउट गुरुग्राममध्ये उत्तम बनू शकते. पूर्वी बिअर स्थानिक असणे हा नाइलाज होता, आता तो बनवणाऱ्याचा निर्णय आहे. म्हणूनच ‘तुम्ही इथले काय वापरता’ हा प्रश्न आता विचारावा लागतो.

भारतात ही लाट कुठून आली?

ब्रिटिशांनी बिअरसाठी थंड हवेची ठिकाणे शोधली. एडवर्ड डायर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिमाचलातील कसौली येथे ब्रुअरी काढली. जालियनवाला बाग हत्याकांडातील जनरल डायर हा त्याचाच मुलगा. पुढे बिअरचे काम मुबलक पाण्यासाठी सोलनला गेले. स्वातंत्र्यानंतर मात्र देशभर चवीला जवळपास सारखी लागर पसरली आणि तिच्यातही ‘स्ट्राँग’चा वरचष्मा राहिला. आजही भारतात खपणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचा वाटा मोठा आहे. बिअर चवीसाठी घेण्यापेक्षा ‘लवकर चढणारी’ म्हणून घेण्याची सवय त्यातून लागली.

या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस चित्र बदलले. हरियाणाने मायक्रोब्रुअरींना वाट दिली आणि गुरुग्राममध्ये पबच्या आतच टाक्या दिसू लागल्या. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली. बंगळूरुच्या इंदिरानगरात २०१० मध्ये ‘टॉइट’ आली. २०१२ मध्ये ‘आर्बर’ आणि व्हाइटफील्डमधील ‘विंडमिल्स’ यांची भर पडली. मुंबईजवळ डोंबिवलीत ‘गेटवे’ने आपला कारखाना थाटला. गोव्यात सांगोल्डा येथून ‘गोवा ब्रुइंग कंपनी’ची बिअर कॅनमध्ये भरून येऊ लागली. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कामानिमित्त परदेशी जाऊन आलेले तरुण हा या पबचा पहिला ग्राहक होता. त्यामुळे मेन्यूही परदेशाचाच आरसा राहिला. जर्मन गव्हाची हेफेवायझन, बेल्जियन विट, इंग्लिश एल, अमेरिकी आयपीए ही यादी पुण्यात वाचा किंवा बंगळूरुत, फरक थोडाच आढळतो.

मग या बिअरमध्ये ‘इथले’ काय असते?

कच्चा माल पाहिला तर उत्तर निराश करणारे आहे. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशात सातू पिकतो, पण खास प्रकारचा माल्ट अनेक पब युरोपातून आणतात. हॉप्सला थंड हवा आणि उन्हाळ्यातला मोठा दिवस लागतो. हिमाचलातील लाहौल खोऱ्यात त्याची लागवड झाली, मात्र पबची भिस्त आयातीवरच आहे.

असे असले तरी प्रयत्न होत आहेत. पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने कोकम आणि मीठ घालून आंबट एल बनवली. सोलकढी पिऊन वाढलेल्या जिभेला ती चव परकी वाटत नाही. पुण्यातच ‘मूनशाइन’ने मधापासून मीड बनवण्याचा व्यवसाय उभा केला. मीड म्हणजे बिअर नव्हे, पण छोट्या उत्पादकाने मध, आंबा, मसाले यांच्या जोरावर वेगळी वाट धरल्याचा तो दाखला आहे. बंगळूरुच्या ‘टॉइट’ने बासमती तांदळाची फिकट एल लोकप्रिय केली. आता बासमती पिकतो उत्तरेत. मग ती बिअर बंगळूरुची म्हणायची की देहरादूनची? असा प्रश्न कोणी थट्टेने विचारला तरी त्यात तथ्य आहे. भारतीय घटक वापरणे आणि स्थानिक घटक वापरणे यांत अंतर आहे. कर्नाटकात नाचणी आणि ज्वारी, महाराष्ट्रात ज्वारी, बाजरी आणि इंद्रायणी तांदूळ हाताशी असताना त्यांचे प्रयोग मेन्यूच्या कोपऱ्यात, ‘सीझनल’ या नावाखाली राहतात.

तरीही केवळ घटकांवरून स्थानिकता ठरवणे अन्यायाचे होईल. दुसरी कसोटी ताजेपणाची आहे आणि ती प्रवाशाला अधिक उपयोगी पडते. पबमधली बिअर सहसा पाश्चराइज केलेली नसते, अनेकदा गाळलेलीही नसते. गव्हाच्या बिअरचा केळी-लवंगेसारखा वास आणि आयपीएतील हॉप्सचा सुगंध दिवसागणिक उतरत जातो. अशी बिअर उन्हातून ट्रकने हिंडली की मरते. टाकीपासून दहा पावलांवर ती प्यायला मिळणे, हीच चैन आहे. ती बाटलीत भरून घरी मागवता येत नाही, त्यासाठी तिथे जावे लागते. या अर्थाने पबची ताजी बिअर स्थानिक ठरते, मग तिचा माल्ट बव्हेरियाचा का असेना.

राज्याची सीमा ओलांडली की बिअर का बदलते?

कारण राज्यघटना. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीनुसार मद्याचे उत्पादन, वाहतूक, विक्री हा राज्यांचा विषय आहे. त्यावरील उत्पादन शुल्कही राज्येच आकारतात. पिण्याचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. दुसरीकडे अनुच्छेद ४७ मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व सांगतो. त्यामुळे गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी, तर गोव्यात वयाच्या अठराव्या वर्षी परवानगी. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे, इतर मद्यासाठी २५ वर्षे आणि वर कागदोपत्री पिण्याचा परवानाही आवश्यक.

छोट्या उत्पादकाच्या दृष्टीने प्रत्येक राज्य हा वेगळा देश आहे. लेबलची नोंदणी वेगळी, शुल्क वेगळे, वाहतुकीचा परवाना वेगळा. मोठ्या कंपनीलाही हे जड जाते. ‘बिरा’च्या मालक कंपनीच्या नावातून ‘प्रायव्हेट’ हा एक शब्द गेला, तेव्हा राज्याराज्यांत लेबलची नोंदणी नव्याने करावी लागली आणि त्यात काही महिने विक्री अडली. जिथे मोठ्या ब्रँडची ही गत, तिथे दोन टाक्यांचा पबवाला शेजारच्या राज्यात बिअर पाठवण्याच्या फंदात पडत नाही.

राज्याच्या आतही फरक आहे. बंगळूरुत मायक्रोब्रुअरीची बिअर मुख्यतः जिथे बनते तिथेच विकली जाते. महाराष्ट्रात ती पिंपात भरून दुसऱ्या पबला पुरवता येते, म्हणून पुण्याजवळ बनलेली बिअर मुंबईच्या नळातून येऊ शकते. प्रवाशाने हे लक्षात ठेवलेले बरे. बंगळूरुत ‘बिअर कुठे बनते’ हा प्रश्न सहसा विचारावा लागत नाही, मुंबईत मात्र तो पहिला असावा.

गोव्याहून परतताना गाडीत चार-सहा कॅन टाकण्याचा मोह अनेकांना होतो. गोव्याचे शुल्क भरलेले मद्य महाराष्ट्रात विनापरवाना आणणे गुन्हा आहे. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर त्यासाठी गाड्या थांबवल्या जातात. स्वस्त मिळाले म्हणून आणलेली भेट महागात पडू शकते.

चांगली स्थानिक बिअर ओळखायची कशी?

ब्रिटनमधील अनुभव इथे मार्गदर्शक आहे. मोठ्या कंपन्यांनी पबमधून पारंपरिक एल हद्दपार करायला सुरुवात केली, तेव्हा १९७१ मध्ये ग्राहकांनीच ‘काम्रा’ ही संघटना उभारली. तिची ‘गुड बिअर गाइड’ १९७४ पासून प्रसिद्ध होते. त्या त्या भागातले सदस्य स्वतः पबमध्ये जाऊन नावे सुचवतात. त्यात ब्रुअरीच्या कीर्तीइतकेच महत्त्व पबवाला पिंप कसे सांभाळतो याला असते. आपल्याकडे अशी ग्राहक चळवळ नाही. मोबाइलवरचे तारे जागेची सजावट, संगीत आणि चकण्यालाही मिळालेले असतात. त्यामुळे प्रवाशाला स्वतःची जीभ आणि चार साधे प्रश्न यांवरच अवलंबून राहावे लागते.

पहिला प्रश्न, बिअर कुठे बनते? टाक्या काचेमागे दिसत असल्या तरी त्या चालू आहेत का, हे विचारावे. दुसरा, ही कधी नळाला लागली? उत्तर तारखेने मिळाले तर उत्तम. ‘एकदम फ्रेश सर’ एवढेच मिळाले तर सावध व्हावे. तिसरा, या आठवड्यात सर्वात जास्त काय खपते? जी बिअर खपते तिची टाकी लवकर रिकामी होते, म्हणजे ती ताजी असते. चौथा, इथले धान्य किंवा फळ कशात आहे? या प्रश्नावर वेटर आत जाऊन बिअर बनवणाऱ्याला बोलावून आणतो, तेव्हा योग्य ठिकाणी आल्याची खूण पटते.

मागवताना आधी छोटे नमुना ग्लास घ्यावेत. सुरुवात आंबा, कॉफी, मिरची घातलेल्या बिअरने न करता साध्या लागर किंवा गव्हाच्या बिअरने करावी. साध्या वरणावरून जसा स्वयंपाकी कळतो, तसा साध्या लागरवरून बिअर बनवणारा कळतो. तिथे दोष लपवायला जागा नसते. शिवाय एल दोन-तीन आठवड्यांत तयार होते, तर लागरला थंडाव्यात कित्येक आठवडे मुरावे लागते. तेवढा काळ टाकी अडकवून ठेवणारा पब सहसा कामाबाबत गंभीर असतो.

दोष ओळखणेही अवघड नाही. लोण्याचा किंवा पॉपकॉर्नचा वास आला तर बिअर पुरती मुरण्याआधीच काढलेली असण्याची शक्यता असते. हिरव्या सफरचंदासारखी चव हेही कच्चेपणाचे लक्षण. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून बिअर शिळी झाली. जी आंबट असायला नको ती व्हिनेगरसारखी लागली तर नळाच्या नळ्या धुतलेल्या नसाव्यात. या नळ्या साधारण दर दोन आठवड्यांनी स्वच्छ करणे अपेक्षित असते. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर उजेडात राहिली तर तिला उग्र दर्प येतो. बर्फासारखी थंड बिअर चव लपवते, म्हणून परीक्षा करायची तर ग्लास पाच मिनिटे तसाच ठेवावा. दोष वाटला तर सांगावे. चांगला पब ग्लास बदलून देतो.

गाडी चालवणाऱ्यासाठी मात्र यातले काहीच लागू नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. ती ओलांडल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाच टक्के तीव्रतेच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असते. ७० किलो वजनाच्या पुरुषाला एवढीच बिअर मर्यादेच्या काठावर नेते, तेवढ्याच वजनाची स्त्री बहुधा ती ओलांडते. त्यामुळे ‘एकच घेतली आहे’ हे समर्थन ना कायद्यात टिकते ना घाटरस्त्यावर. गाडी मुक्कामी ठेवून मेट्रोने किंवा टॅक्सीने जाणे हाच मार्ग. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. चवीने आणि कमी पिणे एवढीच तडजोड पिणाऱ्याच्या हाती उरते.

मातीतली बिअर मेन्यूबाहेर का?

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट बाजूला राहते. भारतात बिअर इंग्रजांनी आणली हे अर्धसत्य आहे. धान्य आंबवून केलेले पेय म्हणजे बिअर म्हटले, तर ती इथे पूर्वापार आहे. झारखंडच्या आठवडी बाजारात बायका भाताची हंडिया विकतात. तिचे विरजण, म्हणजे ‘रानू’च्या गोळ्या, जंगलातल्या मुळ्या आणि तांदळाच्या पिठापासून बनतात. आसाममधील माजुली बेटावर मिशिंग समाज आपोंग बनवतो. त्यातल्या काळ्या प्रकारात जळालेल्या तुसाची राख असते. सिक्कीममध्ये आंबवलेल्या भरड धान्यावर गरम पाणी ओतून बांबूच्या नळीने तोंगबा ओढतात. नागालँडमध्ये १९८९ च्या कायद्याने दारूबंदी आली, पण डिसेंबरात किसामा येथे भरणाऱ्या हॉर्नबिल महोत्सवात तांदळाची बिअर बांबूच्या पेल्यातून दिली जाते. धान्य तिथले, विरजण तिथले, हात तिथले आणि पेय बरेचदा लवकर संपवावे लागते. घटकांची आणि ताजेपणाची अशा दोन्ही कसोट्यांवर हे पेय कोणत्याही मायक्रोब्रुअरीच्या पुढे आहे.

कायद्याच्या लेखी मात्र त्याचे स्थान वेगळे. अनेक राज्यांत आदिवासी कुटुंबांना घरगुती वापरापुरते असे पेय बनवायला सूट आहे, विक्रीला नाही. झारखंड सरकारने हंडिया विकणाऱ्या महिलांना दुसऱ्या रोजगाराकडे वळवण्यासाठी ‘फूलो झानो’ योजना आणली. या महिलांना रस्त्याकडेला बसण्याची वेळ येऊ नये, हा हेतू चांगलाच आहे. व्यसनाने घरे उद्ध्वस्त होतात हेही खोटे नाही आणि गडचिरोलीच्या बायकांनी दारूबंदीसाठी दिलेला लढा त्या अनुभवातूनच आला. पण त्याच वेळी महानगरातल्या पबला तांदळाची एल बनवण्याचा परवाना मिळतो, तिला पुरस्कार मिळतात आणि तिला ‘क्राफ्ट’ म्हटले जाते. एकीच्या कौशल्याला दारूचा धंदा म्हणायचे आणि दुसऱ्याच्या कौशल्याला कला, हा भेद चवीवरून पडलेला नाही. तो भांडवल आणि परवाना कोणाला परवडतो यावरून पडला आहे.

यावर सरसकट मोकळीक हा उपाय नाही. देखरेखीविना बनलेली दारू जीव घेते. मालवणी येथे २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. ते प्रकरण गाळलेल्या, भेसळीच्या दारूचे होते, धान्याच्या बिअरचे नव्हते. तरीही स्वच्छता आणि तपासणी हवीच. परवाना नाकारला की तपासणीही नाकारली जाते, हा त्यातला खरा पेच आहे.

मार्ग काय?

मार्ग नवा शोधावा लागणार नाही, तो देशात तुकड्या-तुकड्यांत आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि पुढे राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आसाममधील दिमासा समाजाच्या ‘जुडिमा’ या तांदळाच्या पेयाला २०२१ मध्ये मानांकन मिळाले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देऊन आदिवासी बचत गटांना उत्पादनाची वाट मोकळी केली. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरणात वाइनला शुल्कात सवलत दिली आणि नाशिक परिसरात द्राक्षबागा, वायनरी आणि पर्यटन यांची साखळी उभी राहिली. त्या धोरणात पेयाचा संबंध शेताशी जोडला गेला होता, हे त्याच्या यशाचे मर्म.

तोच न्याय बिअरला का नसावा? जो छोटा उत्पादक राज्यातली ज्वारी, बाजरी, तांदूळ, कोकम ठरावीक प्रमाणात वापरतो, त्याला शुल्कात सूट द्यावी. पबमध्ये कोणती बिअर कुठे बनली आणि कधी नळाला लागली हे फळ्यावर लिहिणे बंधनकारक करावे. त्याला खर्च काहीच नाही. सौम्य बिअरवरील शुल्क अल्कोहोलच्या प्रमाणात कमी ठेवले, तर ‘स्ट्राँग’कडे असलेला ओढाही कमी होईल. आणि पारंपरिक पेये बनवणाऱ्या महिलांच्या गटांना, ग्रामसभेची संमती असेल तिथे, प्रशिक्षण व तपासणीसह छोटा परवाना द्यावा. जिथे गावाला बंदी हवी, तिथे बंदीचाही तेवढाच मान राखावा.

तोवर प्रवाशाच्या हाती आहे ते त्याने करावे. परमुलखात जाऊन घरच्याच बिअर शॉपीतली बाटली मागवायची नसेल, तर दोन मिनिटे थांबून विचारावे, ही बनते कुठे, बनवते कोण आणि यात इथले काय आहे? ग्राहकांनी हे प्रश्न रोज विचारले, तर पबवाल्याला उत्तरे तयार ठेवावी लागतील आणि उत्तरासाठी का होईना, पुढच्या टाकीत चार पोती ज्वारी पडेल.